परत पाठवलं म्हणून अपघाताचा दावा बुडत नाही

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्यातल्या माथाडींच्या घरांत वाढलो. वडील एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला होते. व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेला गेलो आणि मुदत संपल्यावरही राहिलो, हे खरं आहे. न्यू जर्सीत एका गोदामात पॅकिंगला होतो. 14 नोव्हेंबर 2024 ला संध्याकाळी इसेलिनला ओक ट्री रोडवर झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडत होतो, तेव्हा वळणाऱ्या गाडीने उडवलं. डाव्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड आहे. तिथे एक वकील केला. पैसे मिळाले तर तिसरा हिस्सा त्याचा, अशा कागदावर त्याने सही घेतली. 2025 च्या उन्हाळ्यात इमिग्रेशनवाल्यांनी मला उचललं, काही आठवडे डिटेन्शनमध्ये ठेवलं आणि दिल्लीला आणून सोडलं. तिकडचा मोबाइल नंबर बंद पडला, त्यामुळे ओटीपी येत नाही आणि जुना ईमेल उघडत नाही. परवा रूममेटच्या फोनवर वकिलाच्या ऑफिसातून निरोप आला, की विमा कंपनी 12,000 डॉलर द्यायला तयार आहे, कागदावर सही करून पाठवा. इथे सगळे म्हणतात, मिळतंय ते घे, हद्दपार माणसाला कोण विचारतो. मावसभाऊ म्हणतो, कॅनडातून परत घूस आणि केस लढ. मी अजून लंगडतो, जड उचलता येत नाही. माझा काही हक्क उरलाय का?
एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : उरलाय, आणि पूर्ण उरलाय. गाडीवाल्याने तुम्हाला धडक दिली तेव्हाच तुमचा भरपाईचा हक्क तयार झाला. पुढे इमिग्रेशनने तुम्हाला परत पाठवलं, त्याने तो पुसला जात नाही. न्यू जर्सीच्या दिवाणी न्यायालयात अशा दाव्याला व्हिसा लागत नाही, नागरिकत्व लागत नाही, त्या देशात राहत असणंही लागत नाही. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलात तो तुमचा आणि अमेरिकन सरकारचा मामला, त्याची किंमत तुम्ही मोजलीत. पाय मोडला तो तुमचा आणि त्या गाडीवाल्याच्या विमा कंपनीचा मामला. त्या राज्यात झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर गाडीवाल्याने थांबायचं आणि माणूस जाईपर्यंत थांबूनच राहायचं, असा कायदा आहे. रस्ता ओलांडणाऱ्याच्या खिशात कसले कागद आहेत, हे तो कायदा विचारत नाही.

‘हद्दपार माणसाला कोण विचारतो’ हे वाक्य वाचून मला राग आला, तुमचा नाही, ते बोलणाऱ्यांचा. ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी काम करते. तिथे बिगारी कामगारांच्या बायका अगदी असंच बोलतात : आमचं रेशनकार्ड गावचं, आम्हाला कुठून मिळणार. आणि एवढ्यावरच त्या घरी परत जातात. अशा प्रत्येक घरामागे विमा कंपनीचे पैसे वाचतात.

आता तारखेचं बघू. न्यू जर्सीत शारीरिक इजेचा दावा अपघातापासून 2 वर्षांच्या आत न्यायालयात दाखल व्हावा लागतो. तुमच्या बाबतीत ती तारीख 14 नोव्हेंबर 2026. विमा कंपनीशी बोलणी चालू असली तरी हे घड्याळ थांबत नाही आणि तुम्ही भारतात आहात म्हणूनही थांबत नाही. बोलणी म्हणजे दाखल झालेला दावा नव्हे, यात पुष्कळ लोक फसतात. विमा कंपनीचा माणूस गोड बोलत राहतो, मुदत टळली की फोन उचलत नाही. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा : माझा दावा न्यायालयात दाखल झालाय का, झाला असेल तर त्याचा नंबर काय? उत्तराची वाट बघत बसू नका. न्यू जर्सीच्या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दिवाणी खटले पक्षकाराच्या नावाने फुकट शोधता येतात. पासपोर्टवर आहे तसंच आडनाव टाका, मग एखादं अक्षर इकडेतिकडे करूनही बघा.

(ही मुदत तुमच्यासारख्या अपघाताची आहे, म्हणजे खाजगी गाडीच्या. धडक देणारी बस किंवा गाडी सरकारी असती तर तिथे 90 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. दुसरं कुणी हे वाचत असेल तर त्याने लक्षात ठेवावं.)

हद्दपारीने दावा बुडत नाही हे खरं, पण गप्प राहिल्याने बुडतो. न्यायालयात दावा लागला की समोरची बाजू लेखी प्रश्नावली पाठवते, कागद मागते, जबानीला बोलावते. ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही तर आधी दावा तात्पुरता काढून टाकतात, आणि तरीही पक्षकार गप्पच राहिला तर कायमचा. ऐरोलीच्या एका कुटुंबाचं असंच झालं. मुलगा इकडे परत आला होता आणि वकिलाची पत्रं जर्सी सिटीतल्या त्याच्या जुन्या खोलीवर जात राहिली. खोलीत नवे भाडेकरू आलेले, त्यांनी पाकिटं कोपऱ्यात ठेवून दिली. दावा गेला तो याच्यामुळे, इमिग्रेशनचा त्यात काही संबंध नव्हता.

तेव्हा आज रात्री नवा ईमेल उघडा आणि वकिलाच्या ऑफिसला स्वतः लिहा, रूममेटमार्फत नको. तो भला माणूस असेलही, पण तुमच्या आणि वकिलाच्या बोलण्याला जी गुप्ततेची हमी असते ती तिसरा माणूस मध्ये आला की ढिली पडते. पत्रात पूर्ण नाव, अपघाताची तारीख, कोपरखैरण्याचा पत्ता, इथला मोबाइल नंबर द्या, पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडा आणि लिहा : यापुढे माझ्याशी फक्त या पत्त्यावर संपर्क करा, माझ्या लेखी संमतीशिवाय तडजोड करू नका, माझ्या फाइलची प्रत पाठवा. तिथल्या नियमांप्रमाणे तडजोड करायची की नाही हे अशिलाने ठरवायचं असतं, वकिलाने नव्हे, आणि दाव्याची खबरबात अशिलाला देत राहणं वकिलाला बंधनकारक आहे. दोन-तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर वकील बदला. न्यू जर्सीत अनेक काउंट्यांच्या (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या) वकील संघटना, बार असोसिएशन, वकील सुचवायचं काम करतात. टक्केवारीवरचा वकील बदलला तर एकाच हिश्शातून दोघांनी वाटून घ्यायचं असतं, तुम्हाला दुप्पट पडत नाही.

तिसऱ्या हिश्शाबद्दल तुमच्या मनात शंका असेल, कारण आपल्याकडे वकिलाने दाव्याच्या रकमेत वाटा मागणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तिकडे अपघाताच्या दाव्यांत तीच रीत आहे. न्यू जर्सीच्या न्यायालयाने त्याला मर्यादा घातली आहे : खटल्याचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेच्या पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत 33⅓ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शेवटी सगळा हिशेब लेखी द्यावा लागतो. पण वाशी-नेरुळला कुणी ‘अमेरिकेचा क्लेम काढून देतो, वीस टक्के’ म्हणत भेटला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

आता ते 12,000 डॉलर. सही करू नका, निदान काही गोष्टी कळेपर्यंत तरी. तो कागद म्हणजे मुक्तिपत्र आहे, त्याला तिकडे ‘रिलीज’ म्हणतात. एकदा सही झाली की उद्या रॉड काढायची शस्त्रक्रिया करावी लागो किंवा हाड नीट न जुळो, त्या गाडीवाल्याकडून पुढे एक छदामही मागता येणार नाही. पहिली गोष्ट विचारा, गाडीवाल्याच्या पॉलिसीची मर्यादा किती आहे. तुमच्या अपघाताच्या वेळी त्या राज्यात नेहमीच्या वाहन पॉलिसीत एका जखमी माणसामागे किमान 25,000 डॉलरचं संरक्षण सक्तीचं होतं. 1 जानेवारी 2026 पासून ते 35,000 झालं, पण ते तुम्हाला लागू नाही. ‘बेसिक’ नावाची एक स्वस्त पॉलिसीही तिथे मिळते. तिच्यात दुसऱ्याच्या इजेचं संरक्षण मुळात नसतंच, वेगळं घेतलं तर 10,000 डॉलर. म्हणजे समोर कुठली पॉलिसी आहे यावर 12,000 हा आकडा बरा की अपुरा, ते ठरतं. बारा हजार देताहेत म्हणजे बेसिक पॉलिसी नसावी असा माझा अंदाज आहे, आणि तसं असेल तर रॉड घातलेल्या पायासाठी हा आकडा कमी आहे. दुसरं, त्यातून तुमच्या हातात किती पडणार? तिसरा हिस्सा गेला की आठ हजारांच्या आत उरतात, आणि हॉस्पिटलचं बिल थकलं असेल तर ते आधी उभं राहतं. न्यू जर्सीत चूक कुणाचीही असो, उपचाराचा खर्च वाहन विम्याच्या एका वेगळ्या भागातून देण्याची पद्धत आहे, आणि पायी चालणाऱ्यालाही त्याचा लाभ मिळू शकतो. तुमची बिलं तिकडे पाठवली होती का, हे वकिलाला नेमकं विचारा.

विमा कंपनी तुमच्या परत येण्याचा फायदा दोन ठिकाणी घेईल. एक, बुडालेल्या मजुरीत. ‘तो आता भारतात आहे, भारतातल्या पगाराने मोजा’ असं म्हणतील. त्यावर तुमचा वकील लढेल, थोडंफार कमी होईलही. पण वेदना, लंगडणं, रात्री पाय ठणकून येणारी जाग, याची भरपाई पासपोर्ट बघून ठरत नाही. गोदामात काम करताना कुणाचे कागद वापरले वगैरे काही असेल तर ते वकिलाला खरं खरं सांगा, तुमच्या परवानगीशिवाय तो ते बाहेर बोलू शकत नाही. शपथेवर मात्र एक शब्द खोटा जाता कामा नये.

दुसरी जागा उपचारातल्या खंडाची, आणि इथे मी थोडं थांबणार आहे, कारण हे सगळं तुमच्या हातात आहे. कंपनीचा वकील म्हणेल, 2025 च्या उन्हाळ्यानंतर हा माणूस डॉक्टरकडे गेलाच नाही, म्हणजे बरा झाला. डिटेन्शनमधल्या आठवड्यांचं उत्तर तिथल्या वैद्यकीय नोंदींत आहे. तुम्ही सही केलेलं अधिकारपत्र देऊन वकिलाला त्या मागवता येतात. पायाची तक्रार केली होती का, गोळ्या दिल्या का, काठी काढून घेतली का, जे आठवतं ते तारखांसकट आत्ताच वहीत लिहून काढा. पुढचं उत्तर इथल्या कागदांत हवं. आपल्या ओपीडीचा केसपेपर कसा असतो ते मला रोज बघावं लागतं : वर शिक्का, खाली ‘लेफ्ट लेग पेन’, दोन गोळ्यांची नावं आणि न लागणारं अक्षर. असा कागद न्यू जर्सीत कुणाच्या उपयोगाचा नाही. वाशीच्या महापालिका रुग्णालयात जा, कळव्याला जा किंवा खाजगी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, पण डॉक्टरांना विनंती करा की एक पान इंग्रजीत टाइप करून द्या. त्यात अपघाताची तारीख, कुठल्या पायाचं कुठलं हाड, रॉड आहे, घोटा आणि गुडघा किती अंश वाकतो, डाव्या पायाची उंची किंवा जाडी उजव्यापेक्षा कमी झाली आहे का, किती वजन उचलता येतं आणि पुढे कुठली शस्त्रक्रिया लागेल, तिचा अंदाजे खर्च किती, हे सगळं हवं. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही. एक्स-रेची फिल्म असेल तर सीडीही मागून घ्या. फिजिओथेरपीच्या पावत्या कितीही किरकोळ वाटल्या तरी फेकू नका. माथाडी कामगाराच्या मुलाला मी हे सांगायला नको, पण तोलाची पावती नसेल तर गोणीचं वजन कोण मानतं?

कंपनी आपल्या डॉक्टरकडून तुमची तपासणी करायची मागणी करेल. तुम्ही जाऊ शकत नाही, म्हणून तुमच्या वकिलाने न्यायालयाला विनंती करायची की तपासणी भारतात व्हावी, नाहीतर कागदांवरून मत द्यावं. जबानी व्हिडिओवरून घेण्याची सोय तिथल्या न्यायालयांत रुळली आहे. ती कशी घ्यायची ते दोन्ही बाजूंचे वकील आणि न्यायालय ठरवतील. तिकडचे सकाळचे 9 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. चाळीत त्या वेळेला टीव्ही, कुकर, दारावर माणसं. शांत खोली आणि भरवशाचं इंटरनेट आधीच बघून ठेवा, खोलीत दुसरं कुणी नको. दुभाषा मागा आणि मराठीत बोला. तुमचं गोदामातलं इंग्रजी चांगलं असेल, पण ‘मी थांबलो होतो’ आणि ‘मी थांबत होतो’ यातला फरक तिथे पैशात मोजला जातो. आठवत नसेल तर आठवत नाही असं सांगा, अंदाजाने अंतर आणि वेग सांगू नका.

कागदांवर सह्या करताना फार धावपळ करू नका. न्यू जर्सीच्या न्यायालयात बहुतेक जागी प्रतिज्ञापत्राऐवजी ‘वरील मजकूर खरा आहे, खोटा असल्यास मी शिक्षेस पात्र आहे’ अशा अर्थाचं सही केलेलं निवेदन चालतं, नोटरी लागत नाही. जिथे नोटरी लागेलच तिथे दोन वाटा आहेत. एक, वांद्रे-कुर्ला संकुलातली अमेरिकन वकिलात. अपॉइंटमेंट घेऊन जायचं, प्रत्येक शिक्क्याला 50 डॉलर. तिथे जायला घाबरू नका, नोटरीचं काम व्हिसाच्या रांगेपेक्षा वेगळं असतं आणि तुम्ही तुमच्या देशात आहात. दुसरी, इथला नोटरी आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेलं प्रमाणपत्र. ज्या आंतरराष्ट्रीय कराराने ते चालतं, त्यात भारत 2005 पासून आहे. रूममेटला कुलमुखत्यारपत्र द्यायचंच असेल तर फक्त कागद गोळा करण्यापुरतं द्या. तडजोडीचा आणि पैसे घेण्याचा अधिकार त्यात येता कामा नये.

पैसे आले की ते आधी वकिलाच्या ट्रस्ट खात्यात येतात आणि तिथून थेट तुमच्या नावावरच्या खात्यात यायला हवेत. मित्राच्या खात्यात नको, ‘हवाल्याने लवकर येतील’ म्हणणाऱ्याकडे तर नकोच. इथल्या बँकेत तुमचं एनआरआय खातं उरलं असेल तर आता तुम्ही निवासी आहात, हे बँकेला कळवून ते बदलून घ्या. पैसे कसले म्हणून बँक विचारेल, तेव्हा तडजोडीचा कागद आणि वकिलाचा हिशेब दाखवा. शारीरिक इजेच्या भरपाईवर अमेरिकेत प्राप्तिकर लागत नाही. इथल्या विवरणपत्रात ती कशी दाखवायची ते सीएकडून लिहून घ्या.

मावसभावाचं मात्र अजिबात ऐकू नका. एकदा काढून टाकलेल्या माणसाने परवानगीशिवाय पुन्हा शिरणं हा अमेरिकेत फौजदारी गुन्हा आहे, आधीचा दुसरा काही गुन्हा नसला तरी 2 वर्षांपर्यंत तुरुंग. आदेशाच्या प्रकाराप्रमाणे तुमच्यावर 5, 10 किंवा 20 वर्षांची बंदी असेल, तुम्हाला दिलेल्या कागदांत ती लिहिलेली असते. खटल्यासाठी मानवतेच्या कारणावरून तात्पुरता प्रवेश मागता येतो, पण तो मिळणं न मिळणं तिथल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि दाव्यासाठी त्याची गरज पडत नाही. दावा चालवल्याने तुमची बंदी वाढत नाही, कमीही होत नाही. बहुतेक असे दावे निकालाआधीच तडजोडीत मिटतात, तुम्ही कोपरखैरण्यात बसूनच.

प्रश्न : माझा भाऊ न्यूयॉर्कमध्ये इमारतीच्या कामावर परांचीवरून पडला, मणक्याला मार आहे. नंतर त्याला परत पाठवलं. ठेकेदार म्हणतो, तुझे पेपर नव्हते, तुला कॉम्पेन्सेशन बसत नाही. हे खरं आहे का?
एक भगिनी, कळवा

उत्तर : खोटं आहे. न्यूयॉर्कचा कामगार भरपाई कायदा इमिग्रेशनची स्थिती बघत नाही. मालकाला 30 दिवसांत लेखी कळवायचं असतं. ते राहिलं असेल पण मालकाला अपघात माहीत होता, तर तिथलं कामगार भरपाई मंडळ ती चूक माफ करू शकतं. अर्ज मात्र 2 वर्षांच्या आत गेला पाहिजे. शिवाय तिथे उंचीवरच्या कामासाठी वेगळा कायदा आहे, त्याखाली इमारतीचा मालक आणि मुख्य ठेकेदार यांच्यावर दावा लावता येतो. त्याची मुदत साधारण 3 वर्षं. बुडालेली मजुरीही मागता येते. कागद नसलेल्या कामगारांना केवळ त्या कारणाने ती नाकारता येणार नाही, असं न्यूयॉर्क राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं आहे. इमारत शहराची किंवा सरकारी संस्थेची असेल तर नोटिशीची मुदत 90 दिवस असते, म्हणून इमारत कुणाची होती हे आधी शोधा. भावाकडे त्या जागेचा एखादा फोटो, मजुरीच्या पाकिटावरचं नाव किंवा सोबत्याचा नंबर असेल तर तो आजच वेगळा काढून ठेवा, आणि अपघाताच्या तारखेसकट मला लिहा.